लहान मुलांचा मुतखडा आणि पाण्यातली ठिणगी

सात-आठ वर्षांच्या मुलाला मुतखडा झालाय म्हटलं, की गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडचे आईबाप आजही आधी चकित होतात, मग कुळीथ उकळायला ठेवतात. खरं तर हा मुलांचाच जुना आजार. अश्मरी, म्हणजे मुतखडा, विशेषतः बालकांना होते, असं सुश्रुतसंहितेत स्पष्ट म्हटलंय. तो खडा मूत्राशयातला. गुदद्वारातून बोटांनी तो खाली आणायचा आणि गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधल्या शिवणीलगत चीर देऊन काढायचा. निष्णात वैद्याच्या हातूनही यशाची खात्री नाही, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी, असंही तिथे बजावलंय. भूल नसलेल्या त्या काळात पोराला धरून बसणाऱ्यांचं काय होत असेल, हे मनातून जात नाही.

पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिचंच आज बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे. पण या संस्थेची शंभराहून अधिक वर्षं उलटली, तरी मूत्रपिंडातला मोठा खडा म्हणजे कुशीत लांब छेद, हे जगभर कायम होतं.

ते बदललं विमानांमुळे. दाबोळीच्या नौदल तळावर ज्या डॉर्नियर विमानांची ये-जा असते, त्याच नावाच्या जर्मन विमान कंपनीची ही गोष्ट. अतिवेगवान विमानावर पावसाचा थेंब आदळला की धातूत आघात लहर उठते, तिचा अभ्यास तिथे चालला होता. शरीर बहुतांशी पाण्यासारखंच, त्यामुळे पाण्यातून आलेली लहर मांसातून फारशी न अडता पुढे जाते आणि कठीण खड्यावर आदळून त्याचा चुरा करते. मग पाण्याखाली विजेची ठिणगी पाडून लहर उठवायची, अर्धलंबगोल वाडग्यासारख्या परावर्तकाने ती नेमकी खड्यावर एकवटायची, आणि हे शेकडो वेळा करायचं. म्युनिकला डॉ. ख्रिस्टियान शोसी यांच्या गटाने ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. रुग्णाला अख्खं टबात बुडवावं लागे. अमेरिकेत १९८४च्या अखेरीस मान्यता मिळाली.

मुलांपर्यंत यायला मात्र थोडा वेळ गेला. वाढत्या मूत्रपिंडाला इजा होईल का, ही भीती रास्त होती. टब मोठ्यांच्या मापाचा, आणि मुलाची फुप्फुसं मूत्रपिंडाच्या इतकी जवळ, की ती थर्माकोलसारख्या पदार्थाने झाकावी लागत. १९८६च्या सुमारास मुलांवरचे अनुभव छापून येऊ लागले आणि एक सुखद गोष्ट दिसली: मुलांची मूत्रवाहिनी आखूड आणि लवचिक, त्यामुळे चुरा मोठ्यांपेक्षा सहज वाहून जातो. आज टब नाही, पाण्याची उशी आणि जेल असते. शक्ती हळूहळू वाढवतात, लहानग्यांना सहसा भूल देतात. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या मूत्रपिंडातल्या खड्यासाठी मुलांमध्ये बहुधा हाच पहिला पर्याय धरतात. सिस्टिन या प्रथिनांतल्या घटकाचा खडा मात्र या लहरींनाही सहसा दाद देत नाही.

चुरा पडला की तो गाळून तपासायला द्यावा, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं. मुलांमध्ये खड्यामागे अनेकदा चयापचयाचा दोष असतो आणि तो शोधला नाही तर खडा परत येतो. आणि शाळेतून भरलेलीच परत येणारी पाण्याची बाटली, गोव्याच्या मे महिन्यात तीही पाहायला हवी.