हलकं रिव्हॉल्व्हर नवशिक्याला सोपं? अजिबात नाही

खिशात बाळगायला रिव्हॉल्व्हर निवडताना एक सल्ला हमखास मिळतो: नवीन आहात ना, मग सगळ्यात छोटं आणि हलकं घ्या. बाळगायला ते सोपं, हे खरं. चालवायला मात्र तेच सगळ्यात अवघड.

पॉइंट ३८ स्पेशल या काडतुसाचं, ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या सांगाड्याचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर जेमतेम ४०० ग्रॅम भरतं. त्याचा डबल ॲक्शन ट्रिगर (एकाच ओढीत हॅमर, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, मागे नेऊन सोडणारा) मागे खेचायला साधारण ५ किलोचा जोर लागतो. म्हणजे हातातल्या वस्तूच्या वजनाच्या बारापट! बोट ओढतं आणि त्याबरोबर नळीचं तोंडही हलतं. त्यात नळी दोन इंचांहून आखूड, त्यामुळे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा अगदी जवळजवळ. केसभर चूक झाली तरी गोळी भलतीकडे जाते.

धक्क्याचं गणितही सरळ आहे. काडतूस तेच ठेवून वजन कमी केलं की हाताला बसणारा झटका वाढतो. मग माणूस सरावच टाळतो, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर झटक्याने न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकून सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, अडकू शकतो. ‘रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही’ हेही त्यामुळे खरं नाही.

पोलादी सांगाड्याचं घेतलं तर दीडएकशे ग्रॅम जास्त वागवावे लागतात, पण हात स्थिर राहतो. हॅमर झाकलेला असावा, म्हणजे काढताना कापडात अडकत नाही. ट्रिगर पूर्ण झाकणारं खिशातलं होल्स्टर (म्यान) हवंच, आणि त्या खिशात किल्ल्या, नाणी, काहीही ठेवू नका.