गडावर रेंज नसते तेव्हा
(हरिश्चंद्रगडाच्या एक दिवसाच्या ट्रेकला येणाऱ्यांसाठी)

निघण्याआधी हे पान सावकाश वाचा, सोबतच्यांनाही वाचायला द्या.

खिरेश्वरकडून चढताना मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका. आमच्या लीडरांकडे वॉकीटॉकी असतात, पण मध्ये डोंगराची सोंड आली की त्या मुक्या होतात. पुढच्याला मागच्याशी बोलायचं तर कुणाला तरी चढलेली वाट उतरून यावं लागतं. म्हणून ठरवायचं ते आम्ही पायथ्याशी, चहा घेतानाच ठरवतो.

तोलार खिंडीचंच घ्या. तिथून डावीकडची वाट गडावर चढते, सरळ जाणारी कोथळ्याला उतरते. जुलैच्या धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. एका पावसाळ्यात आमचे पुढचे तिघं "मागचे येतीलच" म्हणून सरळ गेले. मागच्यांना वाटलं, ते वर चढले. दोघांचाही अंदाज पटण्यासारखाच होता. चूक आमची, कारण फाट्यावर काय करायचं हे आम्ही आधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून फाटा आला की पुढचा थांबतो, आणि मागचा दिसल्याशिवाय हलत नाही. वाट कितीही ओळखीची असो. झाडीत जायचं झालं तर सॅक वाटेवर ठेवून जा, म्हणजे बॅकलीडला, म्हणजे सगळ्यात मागून येणाऱ्या लीडरला, कळतं की कुणीतरी बाजूला आहे.

चुकल्यासारखं वाटलं तर जागेवरच थांबा. दोन्हीकडचे शोधायला निघाले की चुकामूक वाढते. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर ते उत्तर. ही खूण परदेशातल्या डोंगरांतही चालते.

ओढ्याचा निर्णय काठावर उभा असलेला लीडर घेतो, ऑफिस नाही. पाणी गढूळलं, काटक्या-पालापाचोळा वाहू लागला, की वर पाऊस वाढलेला असतो. परत फिरायला एकाची शंका पुरते; पुढे जायला सगळ्यांचा होकार लागतो. त्या दिवशी गड राहिला तर राहिला, आम्हाला वाईट वाटणार नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

आणि दुपारी 1 वाजता जो जिथे असेल तिथून परत फिरेल. निरोप पोचला नाही तरी घड्याळ सगळ्यांकडे असतं.

शिट्टी आम्ही देतो. ती सॅकच्या पट्ट्याला बांधा, आत ठेवू नका.