परसातील जलोद्यान

परसातील जलोद्यान : घराच्या अंगणात किंवा परसात हौद, मोठी कुंडी अथवा खणलेले छोटे तळे करून त्यात पाणवनस्पती वाढवण्याची पद्धत. सातारा व सांगली जिल्ह्यांत तिला चांगला वाव आहे. हिवाळा सौम्य असतो आणि पावसाळा सोडला तर ऊन भरपूर मिळते. प्रश्न असतो तो पाण्याचा. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातले माण-खटाव आणि सांगलीतले जत-आटपाडी हे तालुके दुष्काळी. वाईच्या परसात जमलेली लावणी आटपाडीत जशीच्या तशी जमत नाही. म्हणून फुलाचा फोटो पाहून रोप आणू नये. पाणी कोठून येते, ते किती खोल उभे राहील आणि त्यावर किती तास ऊन पडेल, हे आधी पाहावे. वनस्पतींची निवड त्यावरूनच ठरते.

हौद व माती : फुलणाऱ्या जातींना दिवसाला निदान 5-6 तास थेट ऊन लागते. चिंच, गुलमोहर, शेवगा यांच्याखाली हौद करू नये. त्यांची बारीक पाने जाळीतूनही खाली उतरतात, तळाशी कुजतात आणि पाणी काळे पडते. 45 ते 60 सेंमी खोली बहुतेक वनस्पतींना पुरते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात सिमेंटचा हौद वरचेवर तडकतो, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेथे 500 मायक्रॉनचा शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद अधिक टिकतो. खड्ड्यातले खडे वेचून, खाली वाळूचा थर किंवा जुनी पोती घालून मगच तो अंथरावा. नव्या सिमेंटच्या हौदातून चुना उतरतो. तो भरून आठवडाभर ठेवावा, रिकामा करावा, आणि असे दोन-तीनदा झाल्यावरच रोपे सोडावीत. जनावरांची जुनी दगडी डोण किंवा गुऱ्हाळातली टाकून दिलेली काहील मिळाली, तर छोट्या कुमुदांना (वॉटर लिली) तीही पुरते.

कुंडीत भरायला नदीकाठच्या मळीची गाळमाती सर्वांत चांगली. ती नसेल तर काळी माती चालते. कोकोपीट आणि हलके कंपोस्ट मात्र घालू नये. ते पाण्यावर तरंगते. मिरज, पलूस, वाळवा या भागांतील क्षारपड किंवा चोपण रानातली माती टाळावी, तिच्यात कोवळी मुळे जळतात. चांगले कुजलेले शेणखत तळाशी पातळ थरात घालून वर माती दाबावी. ताजे शेण पाण्यात गेले की ते सडते आणि मासे मरतात.

कमळ : नेलुंबो न्यूसिफेरा. बाजारात कमळ म्हणून कुमुद सर्रास विकले जाते, तेव्हा पान पाहून घ्यावे. कमळाचा देठ गोल पानाच्या मध्यावर जोडलेला असतो, मोठी पाने पाण्याच्या वर उभी राहतात आणि त्यांच्यावर पाणी ठरत नाही. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते व ते पाण्यावर पसरते. रूप जवळचे असले तरी दोन्ही वनस्पती अगदी वेगळ्या कुळांतल्या आहेत आणि त्यांची निगाही वेगळी.

कमळाचा कंद थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये लावावा. कुंडी भोक नसलेली, 45 ते 60 सेंमी रुंद आणि गोल घ्यावी. कंद आडवा धावतो. चौकोनी कुंडीत त्याचे टोक कोपऱ्यात अडते आणि वाढ खुंटते. कोंबाचे टोक मोडले तर तो कंद बहुधा वाया जातो, म्हणून तो टोकाला धरून उचलू नये. सुरुवातीला मातीवर 5-8 सेंमी पाणी पुरे. उभी पाने आल्यावर ते हळूहळू 20-30 सेंमीपर्यंत वाढवावे. खतही उभी पाने आल्यानंतरच द्यावे. बियांपासून लावायचे असेल तर टणक कवच एका टोकाला कानसीने घासून आतला पांढरा भाग दिसू द्यावा आणि बी कोमट पाण्यात ठेवावे. साधारण आठवड्यात कोंब येतो. न घासलेले बी वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. वाळलेला देठ पाण्याच्या पातळीखाली कापू नये. तो पोकळ असल्याने पाणी आत शिरून कंद कुजतो. हिवाळ्यात पाने वाळली तरी वनस्पती मेलेली नसते. कुंडी ओली ठेवावी.

कुमुद : ज्याच्याकडे जागा थोडी व ऊन जेमतेम आहे, त्याने कमळाचा हट्ट सोडून कुमुद लावावे. निळसर फुलांचे निम्फिया नौचाली हे इथलेच असून दिवसा उमलते. निम्फिया प्युबेसेन्स संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी सकाळी मिटते. दिवसभर कामावर असणाऱ्यांना फुले पाहायला मिळतात ती याचीच. एक फूल तीन-चार दिवस उघडते-मिटते आणि मग पाण्यात बुडते. कुमुदाला पानांवर उडणारे पाणी सोसत नाही, म्हणून कारंजे त्याच्यापासून लांब असावे. मावा पडला तर पाण्याच्या धारेने तो झटकून टाकावा, मासे तो खातात. कीटकनाशक मारू नये.

काठाच्या वनस्पती : वेखंड, नीरब्राह्मी, कर्दळ आणि मोरीच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेले अळू काठाच्या उथळ ओलीत सहज लागतात. पाणकणीस देखणे असले तरी कुंडीतच ठेवावे. मोकळे सुटले की दोन-तीन वर्षांत सगळा हौद व्यापते.

पाण्याची निगा : नवा हौद भरल्यावर काही आठवड्यांत पाणी हिरवे होते. हे सूक्ष्म शेवाळ. पुष्कळ लोक घाबरून पाणी उपसतात, पण नव्या पाण्याबरोबर शेवाळाला नवे अन्न मिळते आणि ते पुन्हा वाढते. पानांनी निम्मा ते दोन-तृतीयांश पृष्ठभाग झाकला गेला की ते आपोआप कमी होते. पाण्याखाली वाढणारे हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियाही अन्न ओढून घेतात. डासांसाठी गप्पी मासे पुरतात, मात्र ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. टाचणी आणि चतुर या उडत्या कीटकांची पाण्यातली पिल्लेही डासांच्या अळ्या खातात.

पूर्वेकडच्या तालुक्यांत बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटे धरतात. नुसती भर घालत राहण्याऐवजी मधूनमधून तळातले थोडे पाणी काढून झाडांना द्यावे. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी वळवून हौदात घेतले तर तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

कासची झाडे : कास पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथल्या डबक्यांत दोन फाट्यांचा तुरा येणारा वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, उगवतो. साताऱ्याचे नाव त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. पावसाळी पाणी आटले की त्याचा कंद जांभ्यातल्या मातीत झोपतो. बारमाही भरलेल्या हौदात हे ऋतुचक्र मिळत नाही. कुमुदिनी तलावातली पांढरी झालरदार फुले पाहूनही मोह होतो. पठारावरून काहीही उपटून आणू नये; ते तिथेच पाहावे.

जलपर्णी : फुकट मिळते आणि जांभळी फुले देते, म्हणून ती हौदात टाकली जाते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती दोन-तीन आठवड्यांत दुप्पट पसरू शकते. सांगलीच्या पूरपट्ट्यात तर ती मुळीच नको, कारण 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. असे पाणी ओसरते तेव्हा परसातल्या हौदात जे तरंगत असेल ते नदीत जाते. तरंगते काही हवेच असेल तर ॲझोला ठेवावा. तो वरचेवर काढून कोंबड्यांना किंवा जनावरांना घालता येतो. आधीच शिरलेली जलपर्णी मुळासकट काढून उन्हात पूर्ण वाळवावी आणि मगच कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी.