लाल तांदळाचा रंग (आनुवंशिकी)

लाल तांदळाचा रंग आतल्या पिठूळ भागात नसतो; तो दाण्यावरच्या पातळ फलावरणात असतो आणि तांदूळ सडताना (पॉलिश करताना) कोंड्याबरोबर निघून जातो. सिंधुदुर्गात पेजेचे तांदूळ म्हणूनच फार सडत नाहीत.

हा रंग प्रोअँथोसायनिडिन या द्रव्यांचा. सातव्या गुणसूत्रावरील ‘आरसी’ जनुकापासून एक नियंत्रक प्रथिन बनते आणि ते रंगद्रव्य घडवणारी इतर जनुके चालू करते. बहुतेक पांढऱ्या वाणांत या जनुकातल्या 14 क्षारकजोड्या (डीएनएची ‘अक्षरे’) गळालेल्या आहेत. त्यामुळे पुढचे वाचन सरकते आणि प्रथिन निकामी होते. आरसी शाबूत, पण पहिल्या गुणसूत्रावरील ‘आरडी’ जनुक बिघडलेले असेल तर दाणा तपकिरी होतो. लाल गुण प्रभावी आहे: आरसीच्या दोन प्रतींपैकी एक चांगली असली तरी पुरते.

शेतात भेसळ ओळखताना फसगत होते ती वेगळ्या कारणाने. फलावरण गर्भाचे नसून आईच्या झाडाचे असते. पांढऱ्या भातावर लाल वाणाचे पराग पडले तरी त्या वर्षी दाणा पांढराच दिसतो. पुढच्या वर्षी त्यातून उगवलेल्या रोपाचे सगळे दाणे लाल. ते पेरले की तिसऱ्या वर्षी साधारण तीन झाडे लाल दाण्यांची, एक पांढऱ्या दाण्यांचे. हे 3:1 प्रमाण झाडांचे. एकाच लोंबीत लाल-पांढरे दाणे शोधणे व्यर्थ.

भात मुख्यतः स्वपरागित असल्याने बियाण्याच्या खाचराला इतर वाणांपासून 3 मीटर अंतर पुरते. तपासणीसाठी लोंबी पूर्ण पिकू द्यावी, कारण कोवळा दाणा फिका असतो. तुसाच्या रंगावर जाऊ नये. तो वेगळ्या जनुकांचा. प्रत्येक झाडाचे काही दाणे सोलूनच पाहावेत. भेसळ कळेपर्यंत पराग उडून गेलेले असतात, म्हणून पुढच्या हंगामातही तपासावे लागते. शिवाय आरसीमुळे बियाण्याची सुप्तावस्था वाढते, त्यामुळे खाचरात गळालेले लाल दाणे मागाहूनही उगवतात.

पांढऱ्या दाण्यांचे झाड या गुणापुरते शुद्धच असते. लाल झाडाची खात्री मात्र संततीवरूनच होते: एका झाडाच्या बियाण्याची 16 रोपे लावावीत, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) एकच रोप ठेवून. दोन रोपे एकत्र लावली तर लोंब्या कोणाच्या ते कळत नाही. सोळाही झाडे लाल दाण्यांची निघाली, तर मूळ झाड संकरित असण्याची शक्यता फार कमी. संकरित झाडाची 16 रोपे योगायोगाने सगळी लाल निघणे शंभरात एकदाच घडते.