पार्श्वभूमी : बीबीसी होम सर्व्हिसचा युद्धकाळातला दिवस

दुसऱ्या महायुद्धातल्या बीबीसीच्या कार्यक्रमपत्रिकेचं कोणतंही पान काढा, शेजार विचित्र दिसतो. सकाळी सव्वाआठला रेशनमध्ये भागेल असा स्वयंपाक, मग शाळांसाठी धडे, कारखान्यांसाठी संगीत, पाचनंतर मुलांचा कार्यक्रम, नऊच्या बातम्या आणि रात्री सिम्फनी नाहीतर श्रुतिका. इतकी सरमिसळ का, याचं मूळ कार्यक्रम विभागाच्या आवडीनिवडीत नाही, रेडिओलहरी सोडणाऱ्या प्रक्षेपकांत (ट्रान्समीटर) आहे.

१९३९ पर्यंत ब्रिटनमध्ये एक राष्ट्रीय कार्यक्रम होता आणि जोडीला निरनिराळे प्रादेशिक. प्रत्येक प्रक्षेपकाची तरंगलांबी ठरलेली. शांततेच्या काळात ही सोय होती, पण युद्धात शत्रूच्या वैमानिकाला तोच प्रक्षेपक दीपस्तंभासारखा वाट दाखवणार होता. म्हणून १ सप्टेंबर १९३९ रोजी सगळे कार्यक्रम बंद करून एकच ‘होम सर्व्हिस’ सुरू झाली. दूरचित्रवाणीही त्याच दिवशी थांबवली. देशभरचे प्रक्षेपक ३९१ आणि ४४९ मीटर या दोनच तरंगलांबींवर एकत्र बोलू लागले, त्यामुळे नेमका आवाज कुठून येतोय हे विमानाला कळेना. विमान जवळ आलं की हवाई दलाच्या सूचनेवरून तिथला प्रक्षेपक बंद होई. श्रोत्याला मग लांबच्या केंद्राचा क्षीण आवाज ऐकू येई, पण कार्यक्रम तुटत नसे.

तांत्रिक बाजू अशी चोख होती. कार्यक्रमांची मात्र दैनाच होती. बॉम्बहल्ला लगेच होणार हे गृहीत धरून विभाग आधीच लंडनबाहेर हलवले होते : वाद्यवृंद आणि विनोदी कार्यक्रम ब्रिस्टलला, नाट्यविभाग ईव्हशॅमजवळच्या वुड नॉर्टनला. लंडनमध्ये उरल्या बातम्या, सरकारी सूचना, तबकड्या आणि सँडी मॅकफर्सन यांचं ऑर्गन. सुरुवातीला थिएटरं बंद, बाहेर काळोख, लोक घरात बसलेले आणि रेडिओवर पुन्हा ऑर्गन! तक्रारींचा पाऊस पडला. कंटाळ्याने मनोधैर्य खचतं हा धडा बीबीसीला बॉम्ब पडण्याच्या कितीतरी आधी मिळाला, आणि पुढच्या सगळ्या वर्षांवर त्याची छाप आहे असं मला वाटतं. १९४० च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या सैनिकांसाठी हलकाफुलका ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ आला, तर तो घरोघरचे नागरिकच चवीने ऐकू लागले.

शाळांसाठीचं प्रसारण १९२४ पासूनच होतं, पण त्याची खरी गरज आता पडली. सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक, त्यात बहुतांश मुलं, शहरांतून खेड्यांकडे हलवले गेले. गावातल्या एकाच इमारतीत दोन पाळ्या : सकाळी गावची मुलं, दुपारी शहरातली. कित्येक शिक्षक सैन्यात गेलेले. गाणं शिकवणारं कुणी नसलेल्या वर्गात हर्बर्ट वाइझमन रेडिओवरून लोकगीतं म्हणून घेत. १९३९ च्या सप्टेंबरातच सुरू झालेला हा ‘सिंगिंग टुगेदर’ विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकला. इतिहासाच्या पाठांत रोडा पॉवर यांनी संवाद आणि प्रसंग आणले. १९४१ मध्ये त्यांच्या पाठांतून उत्क्रांती शिकवली जाऊ लागली, तेव्हा काही धार्मिक मंडळी संतापली. बाहेर युद्ध पेटलेलं असतानाही हे वाद थांबले नव्हते.

नाटकाच्या बाबतीत तर तसाच वाद आणखी मोठ्या आवाजात झाला. डोरोथी सेयर्स यांनी येशूच्या जीवनावर बारा भागांची मालिका लिहिली, व्हाल गीलगुड यांनी ती बसवली, आणि डिसेंबर १९४१ मध्ये ती मुलांच्या वेळेत सुरू झाली. येशू साध्या बोलीत बोलणार, हे कळताच प्रसारणाआधीच निषेध सुरू झाले. रंगभूमीवर देवाचं पात्र दाखवायला बंदी होती. रेडिओवर समोर प्रेक्षक नसल्यामुळे ती अडचण टळली.

संगीताची सर्वांत वेगळी करामत म्हणजे जून १९४० मध्ये सुरू झालेलं ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’. सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला, अर्धा अर्धा तास, कामगारांचा हात मंदावण्याच्या वेळा हेरून. आवाज एकसारखा हवा, कारण हळुवार जागा यंत्रांच्या घरघरीत बुडत. टाळ्यांची जागा असलेलं एक लोकप्रिय अमेरिकन गाणं वगळलं गेलं, कारण कामगार टाळीऐवजी हातातलं हत्यार यंत्रावर आपटतील अशी भीती होती. दुसऱ्या टोकाला सिम्फनी होती. १९४१ च्या मे महिन्यात क्वीन्स हॉल बॉम्बने जळाला, तेव्हा तिथे दर उन्हाळ्यात होणाऱ्या प्रॉम्स मैफली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेल्या. १९४२ च्या जूनमध्ये संगीत-संचालक हेन्री वुड यांनी रशियन संगीतकार शोस्ताकोविचची लेनिनग्राड सिम्फनी आधी रेडिओवर आणि आठवड्याने तिथे सादर केली.

या दिवसात एक मराठी आवाजही होता. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे बीबीसीच्या भारतीय विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्यासोबत काम करत, पण ब्रिटिश श्रोत्यांसाठीच्या सकाळच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमातही त्या भारतीय शाकाहारी पाककृती सांगत. मांस रेशनवर असलेल्या देशात हा सल्ला वेळेवरचाच म्हणायचा. १ मार्च १९४२ पासून बीबीसीचं मराठी प्रसारणही सुरू झालं, अर्थात भारतातल्या श्रोत्यांसाठी.

युरोपातलं युद्ध संपल्यावर वैमानिकांना चकवण्याची गरज उरली नाही. २९ जुलै १९४५ रोजी प्रादेशिक केंद्रं परत आली. शाळांचे धडे होम सर्व्हिसवरच राहिले. हलक्या करमणुकीसाठी ‘लाइट प्रोग्रॅम’ निघाला, आणि कारखान्यांचं संगीत त्यावर १९६७ पर्यंत वाजत राहिलं. गंभीर संगीत आणि नाटक यांना १९४६ च्या सप्टेंबरात ‘थर्ड प्रोग्रॅम’ ही स्वतंत्र जागा मिळाली.