गाण्यांच्या यादीत शिरलेला टीव्ही

घरच्या मीडिया सर्व्हरवर (सिनेमे, गाणी, टीव्ही घरभर पुरवणाऱ्या प्रोग्रामवर) इंटरनेट टीव्ही लावायला घेतला की सर्व्हर दोन पत्ते मागतो: एक चॅनेलांच्या यादीचा, दुसरा कार्यक्रमपत्रिकेचा. दोन्ही चिकटवले, सेव्ह केलं, की चॅनेलं दिसू लागतात. मग त्यातलं एक चार मिनिटांनी थिजतं, दुसऱ्याचा नुसताच आवाज येतो आणि तिसऱ्यावर संध्याकाळच्या बातम्या चालू असताना पत्रिकेत दुपारचा सिनेमा दिसतो. दोष सर्व्हरच्या माथी मारला जातो. पण या जोडणीतले बहुतेक भाग मुळात या कामासाठी बनलेलेच नाहीत. यादी गाण्यांसाठी होती, डेटाची पाकिटं उपग्रह आणि केबलसाठी, पत्रिका पीसीवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी. बिघाड बहुधा या भागांच्या सांध्यांवरच होतात. म्हणून कोणता भाग कुठून आला, हे माहीत असलेलं बरं.

यादीचा प्रकार म्हणजे एम३यू. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या विनप्ले३ या एमपी३ प्लेअरसोबत तो १९९०च्या दशकाच्या मध्यात आला आणि १९९७ नंतर विनअँपमुळे घरोघर पोचला. साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक गाणं, एवढाच मामला. पुढे तिला जोड मिळाली: पहिल्या ओळीत '#एक्स्टएम३यू' अशी ओळख आणि प्रत्येक गाण्याआधी '#एक्स्टइन्फ' ही ओळ. त्यात आधी गाण्याची लांबी सेकंदांत, मग स्वल्पविराम, मग नाव. थेट प्रक्षेपणाला लांबी कुठली? म्हणून तिथे उणे एक लिहायची पद्धत पडली. आजही कोणतीही चॅनेलयादी उघडली की ते उणे एक ओळीओळीला दिसतं.

टीव्हीसाठी लागणारी बाकीची माहिती, म्हणजे चॅनेलचा ओळख-कोड, लोगोचा पत्ता, गटाचं नाव, ही उणे एक आणि स्वल्पविराम यांच्या मधल्या जागेत कोंबली गेली. 'टीव्हीजी-आयडी', 'टीव्हीजी-लोगो', 'ग्रुप-टायटल' ही नावं कुठल्याही अधिकृत मानकात नाहीत. एका प्लेअरनं वापरली, दुसऱ्यानं उचलली. त्यामुळे एखादं अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं किंवा नावातच स्वल्पविराम आला, तर नाव कुठे सुरू होतं हे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीनं ठरवतो. चॅनेलच्या नावाऐवजी लोगोचा अर्धा पत्ता दिसू लागला तर सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. यादी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि तेवढी ओळ नीट बघा.

खरा गोंधळ २००९ मध्ये वाढला. अ‍ॅपलनं आयफोन ओएस ३.० सोबत एचएलएस (एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग) आणलं. प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, साध्या वेब सर्व्हरवर ठेवायचे आणि त्यांची यादी सतत ताजी करत राहायची, ही त्यामागची कल्पना. खास व्हिडिओ सर्व्हर लागत नाही आणि फायरवॉलही आडवी येत नाही, म्हणून ती जगभर चालली. २०१७ मध्ये ती आरएफसी ८२१६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदवली गेली. तुकड्यांच्या यादीसाठी मात्र अ‍ॅपलनं तीच जुनी एम३यू घेतली, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातली, म्हणून शेवटी आठ: एम३यू८.

म्हणजे आता एकाच साच्याच्या फायली तीन वेगळी कामं करतात. एकीत चॅनेलं असतात, दुसरीत एकाच चॅनेलचे कमी-जास्त दर्जाचे पर्याय, तिसरीत त्या पर्यायाचे तुकडे. सर्व्हरला हवी असते पहिली. नवखा माणूस हटकून दुसरी किंवा तिसरी चिकटवतो आणि यादीत एकाच चॅनेलच्या चार विचित्र नोंदी येतात, नाहीतर 'चॅनेल' सहा सेकंद चालून बंद पडतं, कारण तो नुसता एक तुकडा असतो. ओळखायला सोपं आहे. फाइल एडिटरमध्ये उघडा. 'टार्गेटड्युरेशन' दिसलं तर तुकड्यांची यादी, 'स्ट्रीम-इन्फ' दिसलं तर दर्जांची. अशा वेळी स्वतःची तीन ओळींची फाइल करावी: पहिली ओळखीची, दुसरी उणे एक आणि नावाची, तिसरीत तो एचएलएसचा पत्ता. ही फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवून तिचा मार्ग दिला की काम झालं.

उशीर हीसुद्धा एचएलएसचीच देणगी. सुरुवातीला तुकडा दहा सेकंदांचा असे, पुढे अ‍ॅपलनं सहाची शिफारस केली. प्लेअरनं यादीच्या टोकापासून निदान तीन तुकड्यांइतकं मागे राहून सुरुवात करावी, असं मानक सांगतं. म्हणजे तीस, नाहीतर अठरा सेकंद तिथेच गेले. सर्व्हरनं चित्राचा प्रकार बदलून दिला, म्हणजे रूपांतर केलं, तर त्याचे वेगळे. शेजारच्या घरातून गोलचा आरडाओरडा आधी ऐकू येतो तो यामुळे. घरच्या सर्व्हरची कुठलीही सेटिंग बदलून ही तीस सेकंदं परत मिळत नाहीत.

तुकड्यांच्या आत काय असतं हेही पाहू. बऱ्याचदा तिथे १९९०च्या दशकातल्या एमपेग-२ मानकातला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम असतो. तो १८८ बाइटच्या पाकिटांचा, आणि प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट हेक्साडेसिमलमध्ये ४७. हे मूळचं हवेतून किंवा केबलमधून येणाऱ्या सिग्नलसाठी, जिथे मधूनच चॅनेल लावणाऱ्या संचाला सुरुवात सापडायला हवी. नेटवर्कवर पाठवताना एका यूडीपी (पोचपावती न घेता डेटा पाठवायची पद्धत) पाकिटात अशी सात बसवतात: १,३१६ बाइट. इथरनेटची मर्यादा १,५०० ची, आठ घातली तर १,५०४ होतात आणि शीर्षकांच्या आधीच हद्द ओलांडली जाते. म्हणून सात. एक यूडीपी पाकीट हरवलं की सातही जातात, आणि चित्रात चौकोन उमटतात ते त्याचेच. हरवलेलं पाकीट पुन्हा मागायची सोय यूडीपीत नाही.

या स्ट्रीममधलं घड्याळही लक्षात ठेवण्याजोगं आहे. ते सेकंदाला ९०,००० ठोके मोजतं आणि मोजणी ३३ बिटांत मावते. ती २६ तास ३० मिनिटं ४४ सेकंदांनी भरते आणि पुन्हा शून्यावर येते. हा क्षण एखाद्या रेकॉर्डिंगच्या मधोमध आला आणि प्रोग्रामनं तो सांभाळला नाही, तर तासाभराच्या फाइलची लांबी २६ तास दिसते किंवा पुढे-मागे सरकवता येत नाही. अशी फाइल फेकून देऊ नका. एफएफएमपेग या प्रोग्रामनं, चित्र आणि आवाज जसेच्या तसे ठेवून, नव्या डब्यात (फाइलच्या बाहेरच्या साच्यात) बांधून घेतली की बहुधा सुधारते.

एचएलएसच्या कितीतरी आधी नेटवर्कवरून टीव्ही पाठवायची दुसरी वाट तयार होती: मल्टिकास्ट. स्टीव्ह डीरिंग यांचं आरएफसी १११२ हे १९८९चं. एकच प्रवाह सोडायचा आणि ज्याला हवा त्यानं त्या गटात नाव नोंदवायचं. पत्ते २२४ ते २३९ नं सुरू होणारे. उघड्या इंटरनेटवर हे रुजलं नाही. टेलिफोन कंपन्यांनी मात्र आपापल्या बंदिस्त जाळ्यात सेट-टॉप बॉक्ससाठी ते उचललं. तसा प्रवाह घरच्या सर्व्हरवर घ्यायचा तर तीन ठिकाणी गाडं अडतं.

पहिलं म्हणजे चार-पाच मिनिटांनी थिजणारं चॅनेल. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू असतं, म्हणजे कोणत्या तारेवर कोणाला काय हवं याची तो नोंद ठेवतो. ही नोंद ताजी राहण्यासाठी कोणीतरी दर १२५ सेकंदांनी 'अजून हवंय का?' असं विचारावं लागतं. विचारणारा नसेल तर ठरलेल्या २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते आणि प्रवाह बंद होतो. चॅनेल दर वेळी साधारण तेवढ्याच वेळानं थांबत असेल तर दुसरं काही शोधू नका. राउटरमध्ये किंवा स्विचमध्ये आयजीएमपी क्वेरिअर चालू करा. दुसरं, वायफाय. तिथे मल्टिकास्ट सहसा सगळ्यात कमी वेगानं आणि पोचपावतीशिवाय जातं, म्हणून तारेवर स्वच्छ दिसणारं चित्र वायफायवर चिंध्या होऊन येतं. तिसरं, डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, कंटेनरमध्ये, चालवायची सोय. त्याच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट पोचत नाही, कंटेनरला होस्ट नेटवर्क द्यावं लागतं. वायफाय आणि डॉकरच्या अडचणींवर यूडीपीएक्सवाय नावाचा छोटासा प्रोग्राम चांगला उतारा आहे. तारेनं जोडलेल्या यंत्रावर तो बसवला की मल्टिकास्ट घेऊन साध्या एचटीटीपीनं पुढे देतो. पोर्ट सहसा ४०२२ देतात.

बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरइतकं भरवशाचं हत्यार नाही, आणि त्याचा जन्मही याच कामातून झाला. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सेंट्रालच्या विद्यार्थ्यांनी उपग्रहावरचा टीव्ही कॉलेजच्या नेटवर्कवर फिरवायचा व्हिडिओलॅन प्रकल्प हाती घेतला, आणि त्यातला बघणाऱ्याच्या बाजूचा प्रोग्राम म्हणजे व्हीएलसी. २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. चॅनेलचा पत्ता आधी त्यात चालवून बघा, आणि तेही सर्व्हर ज्या यंत्रावर आहे तिथूनच. आपल्या लॅपटॉपवर चालतं म्हणून सर्व्हरवर चालेलच असं नाही. नेटवर्क वेगळं असू शकतं. व्हीएलसीत चालतं आणि सर्व्हरमध्ये नाही, तर स्रोत बहुधा यूझर-एजंट, म्हणजे मागणारा प्रोग्राम कोणता हे सांगणारी ओळख, तपासतो आहे. जेलीफिन या मीडिया सर्व्हरच्या एम३यू ट्यूनरच्या सेटिंगमध्ये त्यासाठी वेगळी चौकट आहे. दोन्हीकडे चालत नसेल तर पत्ता मेलेला आहे किंवा त्यातल्या टोकनची (प्रवेशाच्या तात्पुरत्या कोडची) मुदत संपली आहे. फुकट फिरणाऱ्या, परवान्याचा पत्ता नसलेल्या याद्यांवर घर उभं केलं की हा अनुभव रोजचाच.

कार्यक्रमपत्रिकेची कुळकथा वेगळी. १९९९ मध्ये टिवो आणि रिप्लेटीव्ही हे टीव्ही रेकॉर्ड करणारे डबे बाजारात आले, आणि तसंच यंत्र पीसीवर करायचा नाद अनेकांना लागला: २०००च्या सुमारास क्लाउस श्मिडिंगर यांचं व्हीडीआर, २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स यांचं मिथटीव्ही. रेकॉर्डिंग लावायला पत्रिका हवी, ती वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावी लागे, म्हणून एक्सएमएलटीव्ही हा समान साचा आला. त्यात आधी चॅनेलं, मग प्रत्येक कार्यक्रम: सुरुवात, शेवट, चॅनेलचा कोड.

इथे दोनच गोष्टी बिघडतात, पण हटकून बिघडतात. पत्रिकेतला चॅनेलचा कोड आणि यादीतला 'टीव्हीजी-आयडी' अक्षरशः एक असावे लागतात. शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही बिघाडाला पुरते. नाही जुळले तर चॅनेल चालतं, पत्रिका कोरी राहते. जेलीफिनमध्ये अशी जोडी हातानं लावता येते. दुसरी गोष्ट वेळ. वेळ चौदा अंकांत सलग लिहितात, वर्षापासून सेकंदापर्यंत, आणि पुढे यूटीसीपासूनचं (जागतिक प्रमाणवेळेपासूनचं) अंतर, जसं '+०२००'. हे शेवटचं पद नसेल तर वेळ यूटीसी धरली जाते. बनवणाऱ्यानं स्थानिक वेळ लिहून ते पद गाळलं की पत्रिका जेवढ्यास तेवढे तास सरकते. घड्याळबदल पाळणाऱ्या देशांत ती वर्षातून दोनदा तासाभरानं सरकली तर पद आहे, पण कोणीतरी ते कायमचं लिहून ठेवलंय. यूझरच्या बाजूनं तात्पुरती मलमपट्टी यादीतल्या 'टीव्हीजी-शिफ्ट'नं होते, जिथे प्लेअर ते मानतो तिथे.

आजचे सर्व्हर बरेचसे एकाच गोतावळ्यातले. २००२ मधला एक्सबॉक्स मीडिया प्लेअर पुढे एक्सबीएमसी झाला. २०१३च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या फ्रोडो या १२व्या आवृत्तीत थेट टीव्ही अधिकृतपणे आला, आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. प्लेक्स त्याच्याच मॅकवरच्या फांदीतून फुटलं. एम्बीनं २०१८च्या डिसेंबरात आपला कोड बंद केला, तेव्हा त्याच्या ३.५.२ आवृत्तीवरून जेलीफिन उभं राहिलं.

यातलं प्लेक्स एम३यू थेट घेत नाही. त्याला खरा ट्यूनर लागतो, जसा सिलिकॉनडस्टचा एचडीहोमरन, अँटेनाचा सिग्नल नेटवर्कवर देणारा डबा. मग लोकांनी एक्सटीव्ह, थ्रेडफिन यांसारखे प्रोग्राम लिहिले, जे तो डबा असल्याचं सोंग करतात. सोंगाला ट्यूनरची संख्या सांगावी लागते, आणि तिथेच चूक होते. स्रोत एकावेळी दोनच जोडण्या देत असेल आणि आपण चार ट्यूनर सांगितले, तर तिसरा बघणारा बसला की पहिल्याचं चॅनेल तुटतं. संख्या स्रोताइतकीच ठेवावी. रिमोटवरून भराभर चॅनेल बदलताना जुनी जोडणी सुटायला काही सेकंद लागतात, म्हणून एकच जोडणी मिळत असेल तर घाई सोसवत नाही.

नुसता आवाज येण्याचं कारण चित्राच्या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत, असतं. ब्राउझर एमपेग-२ चित्र उलगडत नाहीत, एचईव्हीसी सगळ्याच ब्राउझरांना उलगडता येत नाही. मग सर्व्हर रूपांतर करू लागतो. इंटेलच्या २०११ पासूनच्या बऱ्याच प्रोसेसरांतल्या क्विक सिंकला (व्हिडिओसाठीच्या खास भागाला) हे काम देता येतं, पण लिनक्सवर सर्व्हरच्या यूझरला 'रेंडर' या, ग्राफिक्स वापरायची परवानगी देणाऱ्या, गटात घालायला लोक विसरतात आणि सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. शिवाय रूपांतराचे तुकडे डिस्कवर साठतात. सेकंदाला ८ मेगाबिटचं चॅनेल तासाला ३.६ जीबी खातं, टीव्ही दहा तास चालू राहिला तर ३६ जीबी. ही तात्पुरती जागा रॅममध्ये दिलेली असेल तर चॅनेल दुपारपर्यंत उत्तम चालतं आणि मग सर्व्हरच बंद पडतो. जेलीफिनच्या १०.९ आवृत्तीपासून बघून झालेले तुकडे पुसण्याची सोय प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू करावी लागते.