कन्सोल थंड राखणे व धूळसफाई (नाशिक परिसर)

घरगुती व्हिडिओ गेम कन्सोलमध्ये तयार होणारी उष्णता अडथळ्याविना बाहेर पडत राहावी, यासाठी त्याची जागा, भोवतालची हवा आणि आत साचणारी धूळ यांची घ्यायची निगा. कन्सोल जेवढी वीज ओढतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. मोठा गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॉट वीज घेतो. जुने १०० वॉटचे दोन पिवळे बल्ब एका पेटीत रात्रभर पेटते ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. पंखा आणि त्याच्या वाटेतली हवा एवढ्याच आधारावर ती पेटी टिकून असते.

प्लेस्टेशन ४ आणि ५ यांच्यासाठी सोनीने दिलेली खोलीच्या तापमानाची मर्यादा ५ ते ३५ °से. आहे. नाशिकची हवा मुंबईपेक्षा सुखद समजली जाते आणि हिवाळ्यात ते खरेही आहे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारचा पारा ४० °से.च्या आसपास जातो. वरच्या मजल्यावरच्या, थेट स्लॅबखालच्या खोलीत दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहते. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि आतली खोली अजून मर्यादेच्या वरच असते. अशा घरात उन्हाळ्यापुरते खेळणे सकाळी ठेवणे किंवा कन्सोल खालच्या मजल्यावर हलवणे, हा कोणत्याही जादा पंख्यापेक्षा चांगला उपाय आहे.

उष्णतेचा मार्ग : मुख्य चिपची उष्णता थर्मल पेस्टमधून, म्हणजे चिप व हीटसिंक यांच्यातली बारीक पोकळी भरणाऱ्या लेपामधून (प्लेस्टेशन ५ मध्ये गॅलियमयुक्त द्रवरूप धातूमधून) हीटसिंकच्या पातळ धातूपट्ट्यांत जाते आणि पंखा त्या पट्ट्यांमधून हवा ढकलून ती बाहेर टाकतो. ही साखळी कुठेही तुटली की पंखा जोरात फिरू लागतो, म्हणून आवाज ही पहिली खूण. प्लेस्टेशन ५ मध्ये चिपचा वेग तापमानावर ठरत नाही, कामाच्या भारावर व ठरवून दिलेल्या वीजमर्यादेवर ठरतो. त्यामुळे खोली तापली म्हणून चित्र अडखळत नाही. पंखा वाढत जातो, मग पडद्यावर जास्त तापल्याची सूचना येते आणि कन्सोल बंद होतो. गेम अडखळला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, हा अंदाज म्हणूनच चुकतो.

हवेची दिशा प्रत्येक यंत्रात वेगळी असते. प्लेस्टेशन ५ पुढच्या बाजूच्या फटींतून हवा घेतो आणि मागून सोडतो. २०२० च्या मूळ मॉडेलमधला पंखा १२० मिमी. व्यासाचा, ४५ मिमी. जाडीचा असून दोन्ही बाजूंनी हवा ओढतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स हवा खालून व मागून घेऊन डोक्यावरून सोडतो, म्हणून त्याच्यावर रिमोट, गेमच्या डब्या किंवा फोटोफ्रेम ठेवणे म्हणजे धुराड्यावर झाकण ठेवणे. एक्सबॉक्स सिरीज एसची काळी गोल जाळी हीच त्याची बाहेर सोडायची वाट आहे. आडवा ठेवल्यावर ती वर येते. निन्टेंडो स्विच मागून हवा घेऊन वरच्या कडेच्या फटीतून सोडतो आणि वीज फार कमी घेतो, त्यामुळे त्याच्या तक्रारीही कमी. जुन्या एक्सबॉक्स ३६० आणि मूळ एक्सबॉक्स वनची वीट म्हणजे बाहेरचा पॉवर सप्लाय. तिच्यातही पंखा असतो आणि ती हमखास टीव्हीमागे जमिनीवर पडलेली असते, केर सगळ्यात जास्त असतो तिथे.

उष्णतेकडे दुर्लक्ष झाल्याचे सर्वांत महागडे उदाहरण एक्सबॉक्स ३६० चे आहे. तापणे आणि थंड होणे यांच्या सततच्या फेऱ्यांनी ग्राफिक्स चिपखालचे जोड तडकत आणि यंत्राच्या दर्शनी बाजूला बिघाडाचे तीन लाल दिवे लागत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठीची वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च धरला. तिथे मूळ खोट रचनेत होती. पण एरवीही चिपच्या जोडांना नुसत्या कमाल तापमानाइतकाच तापमानाच्या चढउताराचा त्रास होतो, हे त्यातून साऱ्या उद्योगाने शिकून घेतले.

नाशिकची धूळ : धूळ म्हटली की लोक रस्त्याची माती धरतात. कन्सोलच्या दृष्टीने धुळीचे दोन प्रकार पाडावे लागतात, कोरडी आणि चिकट. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या इमारती, अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींजवळचा सिडको आणि जिथे नवी बांधकामे उभी राहत आहेत ते सगळे भाग यांत माती, सिमेंट आणि खडीची कोरडी भुकटी येते. आडगाव, मखमलाबादकडे शेते लागून असल्याने उन्हाळ्यात काळ्या मातीचा बारीक धुरळा असतो. ही धूळ दिसते भयंकर, पण ब्रशने आणि हवेने निघून जाते.

खरा त्रास चिकट धुळीचा. फोडणीचा तेलकट धूर, देवघरातली उदबत्ती आणि धूप, दिवाळीतला फटाक्यांचा धूर यांचा सूक्ष्म थर हीटसिंकच्या पट्ट्यांवर बसतो. त्यावर गादी-गोधडीचा कापूस आणि पाळीव प्राण्यांचे केस अडकतात आणि पट्ट्यांच्या तोंडाशी नमद्यासारखा राखाडी पडदा तयार होतो. तो हवेने उडत नाही. पंख्याच्या बाजूने चिमट्याने सोलून काढावा लागतो. वन-बीएचके घरात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात दार नसते, आणि देव्हारा बहुधा टीव्ही युनिटच्याच एका खणात असतो. अशा घरातला कन्सोल महामार्गालगतच्या पण दार लावलेल्या खोलीतल्या कन्सोलपेक्षा लवकर तुंबतो. देव्हारा हलवणे कुणालाही जमणार नाही. कन्सोल दुसऱ्या टोकाच्या खणात ठेवणे मात्र जमते.

जागा : सोनी भिंतीपासून किमान १० सेंमी., तर मायक्रोसॉफ्ट सर्व बाजूंनी १० ते १५ सेंमी. मोकळीक ठेवायला सांगते. टीव्ही युनिटच्या बंद खणात ती क्वचितच मिळते. काचेचे दार लावलेल्या खणात बाहेर पडलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते आणि खणाचे तापमान खोलीपेक्षा बरेच वर चढते. युनिट बदलता येत नसेल तर खेळताना दार उघडे ठेवावे आणि सुताराकडून मागच्या प्लायला कन्सोलच्या बाहेर सोडणाऱ्या जाळीसमोर सुमारे १५ सेंमी. व्यासाचे भोक पाडून घ्यावे. प्लाय भिंतीला टेकलेला असेल तर भोकाचा उपयोग नाही. युनिट पुढे ओढावे लागते.

कन्सोल जमिनीपासून ६० ते ७५ सेंमी. उंचीवर, कठीण व सपाट पृष्ठभागावर ठेवावा. केरसुणीने उडालेला केर जमिनीलगत सर्वांत दाट असतो, म्हणून केर काढताना कन्सोल बंद असलेला बरा. गादी, सतरंजी, टर्किश टॉवेल यांत खालच्या फटी बुजतात. क्रोशाचा रुमाल किंवा प्लास्टिकचे आवरण बंद आणि पूर्ण थंड यंत्रावर ठीक. रेस्ट मोडमध्ये यंत्र आतून जागे असते, तेव्हा ते काढावे. फटींवर चिकटवायच्या बारीक जाळ्या धूळ अडवतात, पण हवाही अडवतात. दर आठवड्याला धुणार असाल तरच त्या लावाव्यात. यूएसबीवर चालणारे कूलिंग स्टँड बहुतेक वेळा नुसती वाऱ्याची जाणीव देतात; काही तर आतल्या पंख्याच्या उलट दिशेने हवा ढकलतात.

डेझर्ट कूलर लावलेल्या खोलीत वेगळी काळजी लागते. कूलरची दमट झोत थेट कन्सोलवर आली की कोरडी धूळ ओली होऊन चिकटते. पाणी क्षारयुक्त असेल तर पांढरा थरही बसतो. कूलरचे तोंड दुसरीकडे आणि खिडकी उघडी, एवढे पुरते.

सफाई : बाहेरच्या फटी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी कोरड्या मऊ ब्रशने, आतली सफाई वर्षातून दोनदा, मार्चच्या सुरुवातीला (तापमान चढण्याआधी) आणि दिवाळी झाल्यावर. कन्सोल पूर्ण बंद करून, प्लग काढून, निदान तासभर थंड होऊ द्यावा. काम बाल्कनीत करावे. खोलीत केले तर तीच धूळ महिन्याभरात परत आत जाते.

२०२० च्या प्लेस्टेशन ५ च्या दोन्ही पांढऱ्या बाजू स्क्रूशिवाय निघतात. आत पंखा दिसतो आणि धूळ साठवणारी दोन छिद्रे असतात. त्यांना व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून धूळ ओढायची. पंखा मोकळा करायचा तर टी८ सेक्युरिटी टॉर्क्स, म्हणजे मधे भोक असलेला षट्कोनी ताऱ्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो. प्लेस्टेशन ४ मध्येही तसेच स्क्रू असतात, त्यांतले काही वॉरंटीच्या स्टिकरखाली. तिथे मॉडेलनुसार पॉवर सप्लाय उचलून बाजूला ठेवावा लागतो, पण त्याची स्वतःची पेटी कधीही उघडू नये; आतले वीज साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.

हवा मारताना पंख्याचे पाते लाकडी काडीने अडवून धरायचे, ही पायरी वगळू नये. मोकळा पंखा हवेच्या झोताने प्रमाणाबाहेर गरगरतो, बेअरिंग खराब होते आणि फिरत्या मोटरमधून उलटी वीज बोर्डाकडे जाऊ शकते. दाबाची हवा सोडणाऱ्या डब्याचे (कॅन्ड एअर) फवारे २-३ सेकंदांचे, साधारण १५ सेंमी. अंतरावरून, डबा उभा धरून. आडवा-उलटा धरला की आतला द्रव बाहेर येतो. घरगुती इलेक्ट्रिक ब्लोअर चालतो, पण ३० सेंमी. अंतर ठेवावे. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्या टाकीत पाणी आणि तेलाचा अंश असतो, आणि पावसाळ्यात तर जास्तच. झोत शक्यतो बाहेर सोडणाऱ्या बाजूकडून आत घेणाऱ्या बाजूकडे मारला तर पट्ट्यांच्या तोंडाशी बसलेला पडदा मागे ढकलला जाऊन सुटतो.

सफाईचा फरक तपासायला टिश्यू पेपरची एक पट्टी पुरते. सफाईआधी एकच गेम अर्धा तास चालवून बाहेरच्या जाळीसमोर पट्टी किती उडते ते पाहावे, नंतर तसेच पुन्हा. पट्टी जोरात उडते पण पंख्याचा आवाज कमी झालेला नाही, असे दिसले तर हवेची वाट मोकळी आहे आणि अडचण पेस्टमध्ये आहे.

थर्मल पेस्ट : चार-पाच वर्षे चाललेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये पेस्ट सुकून खडूसारखी झालेली सापडते. गेम सुरू होताच मिनिटभरात पंखा विमानासारखा ओरडू लागणे ही तिची खूण. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, आणि हीटसिंकचे स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे आवळायचे. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरीकडे पोकळी राहते. मेमरी चिपवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) फाटले तर तेवढ्याच जाडीचे आणावेत. जाड पॅडमुळे हीटसिंक मुख्य चिपला टेकतच नाही आणि दुरुस्तीनंतर यंत्र आधीपेक्षा लवकर तापते.

प्लेस्टेशन ५ चा हीटसिंक घरी उघडू नये. आतला द्रवरूप धातू वीजवाहक आहे. एक थेंब शेजारच्या घटकांवर गेला तर बोर्ड जातो, आणि ॲल्युमिनियमला तो खातो. पंखा आणि पट्ट्या स्वच्छ करणे इथवरच घरचे काम.

पावसाळा आणि कीटक : इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या घाटपट्ट्यात पाऊस शहरापेक्षा कितीतरी अधिक, आणि तिथल्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीही ओल धरतात. एसी गाडीतून आणलेला गार कन्सोल अशा खोलीत लगेच लावला तर आत दव धरते. दोन तास तसाच ठेवून मग प्लग लावावा. महिनोन्महिने न वापरलेला कन्सोल कपाटात ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवणे चांगले, आतली ओल निघून जाते.

झुरळांना पॉवर सप्लायची ऊब आवडते. विशेषतः प्लेस्टेशन ४ च्या आत त्यांची पिल्ले, विष्ठा आणि त्यातून झालेले शॉर्टसर्किट दुरुस्तीत नेहमी दिसते. फवारणीचे औषध फटींत मारू नये. त्याचा तेलकट थर धुळीला आणखी धरून ठेवतो. युनिटच्या मागच्या कोपऱ्यात झुरळे मारायच्या जेलचे ठिपके लावावेत, खाण्याचे डबे तिथून हलवावेत आणि आठ-दहा दिवसांनी कन्सोल उघडून मेलेली झुरळे ब्रशने काढून घ्यावीत.